उठायचं नव्हतं

४ नोव्हेंबर

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्राच्या डोक्यावर लिहायचा असतो म्हणून लिहिला. खरोखर वाकले आहे असं समजू नकोस. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, अण्णांच्या पायांना माझ्या वतीने हात लाव. मी बरी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा रक्तदाब उतरला आहे, त्यावरून शाळा काय चीज होती ते तुला कळेल.

फोनवर तू ‘बरं, बरं, बघू’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून पत्र. पत्राला मधेच ‘बरं’ म्हणता येत नाही.

मी नाटकाचं सांगितलं तर तू म्हणालास, ‘अण्णांना आणून काय उपयोग? त्यांना ऐकू कुठे येतं? नुसते बसून राहतील.’ हे तू इतक्या सहज बोललास की मी थक्क झाले. असो. त्यावर आज काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. आज फक्त नाटक.

आमच्या मंडळाची तालीम शिवणवर्गाच्या खोलीत होते. मशिनं भिंतीला सरकवायची, कापडाच्या चिंध्या एका कोपऱ्यात लोटायच्या आणि मग क्रांती करायची. जमिनीवर टाचण्या पडलेल्या असतात, त्यामुळे आमची क्रांती चपला घालून चालते. नाटक लिहिलं आहे आणि बसवतो आहे आमचा वाघोबा. हे नाव मी ठेवलं आहे, त्याच्या तोंडावर कोणी म्हणत नाही. दिवसा तो विमा कचेरीत साहेबांपुढे मान खाली घालून असतो, संध्याकाळी गळ्यात लोकरी मफलर अडकवून डरकाळ्या फोडतो. उकडत असलं तरी मफलर निघत नाही. पहिल्याच दिवशी त्याने आम्हाला गोल बसवून सांगितलं, ‘हे नाटक केल्यावर आपल्यापैकी काहीजण आत जाऊ शकतात. ज्यांची तयारी नसेल त्यांनी आत्ताच उठावं.’ कोणी उठलं नाही, कारण चहा यायचा होता. आत जायची ह्या माणसाला इतकी हौस आहे की उद्या कोणी पकडायला आलं नाही तर हाच जाऊन चौकशी करील, ‘माझं नाव यादीत कसं नाही?’

गोष्ट सांगते. एक देश आहे. तिथे दिवसातून तीनदा भोंगा वाजतो, कारखान्याला असतो तसा, आणि कर्ण्यातून आवाज येतो, ‘सर्व नागरिकांनी उभे राहावे.’ झाडून सगळे उभे राहतात. हातातलं काम टाकून, अंगाला साबण लागलेला असला तरी. एक म्हातारी उठत नाही. खात्याचा अधिकारी येतो, विचारतो, ‘भोंगा ऐकला नाहीस का?’ ती म्हणते, ‘ऐकला. उठायचं नव्हतं.’ बस, एवढंच. पुढे तिचं काय काय करतात ते दोन अंकांत आहे, पण नाटक म्हणशील तर ह्या तीन शब्दांचं. म्हातारी मी. तसा माझा चेहरा म्हातारीचा नाही असं सगळे म्हणाले आणि लगेच पांढरा टोप आणून दिला.

अधिकारी झाला आहे बँकेतला रोखपाल. त्याला अभिनय करावा लागत नाही. तो कोणालाही त्रासिक तोंड करून ‘तुम्ही बाजूला व्हा’ म्हणतो, म्हणजे रोजचंच काम. बाकी मंडळी नागरिक. नागरिकांना फक्त उभं राहायचं असतं, आणि तेही ते उशिरा राहतात. एकीला उभं राहताना पदर सावरावा लागतो, एकाचा मोबाइल वाजतो. हुकूमशाहीत जगायचीसुद्धा ह्या लोकांची लायकी नाही.

गोष्ट अगदी काल्पनिक आहे. कुठल्या तरी देशात, कधीतरी.

प्रयोग पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी. तू आलास तर ठीक, नाही आलास तर रडत बसणार नाही. पण अण्णांना घेऊन ये. पुढची रांग मी धरून ठेवते. त्यांनी हे नाटक बघावं अशी माझी फार इच्छा आहे. का, ते विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसाने लेकीचं काम बघावं, एवढं कारण पुरे.

तुझी,
धाकटी


२१ नोव्हेंबर

ती. दादास,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. वहिनीशी बोलणं झालं, ती म्हणाली, ‘अण्णांचं सगळं व्यवस्थित आहे, मी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारते, काय हवं-नको ते.’ भली बाई आहे. तिला मी कधी नावं ठेवली नाहीत आणि आजही ठेवणार नाही. ती ओरडते ते मायेनेच.

इकडे आमच्या वाघोबाने शेपूट घातलं, ते कसं ते ऐक.

सभागृहाचा व्यवस्थापक एक सुस्त माणूस आहे. त्याच्या खोलीत तुटलेल्या खुर्च्यांचा ढीग, आणि त्या ढिगातल्याच एका खुर्चीत तो. वाघोबा तारीख पक्की करायला गेला तेव्हा त्याने विचारलं, ‘नाटक कशाबद्दल आहे?’ का, तर बाहेरच्या फळ्यावर लिहायचं असतं, विनोदी, कौटुंबिक का संगीत. बिचाऱ्याला ह्यापलीकडे काही नको होतं. पण आमच्या शूरवीराच्या कानांत ते वाक्य कसं शिरलं कोण जाणे. तालमीला आला तो मफलर खिशात कोंबून. दार लावून घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, ‘चौकशी सुरू झाली आहे.’

मी म्हटलं, ‘कोणी केली?’

‘वरून.’

‘व्यवस्थापक तर तळमजल्यावर बसतो.’

कोणी हसलं नाही. दादा, इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं, भित्री मुलं पुष्कळ बघितली, पण भिण्यात मोठेपणा वाटणारी माणसं ह्या मंडळातच बघितली. सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. आपण इतके महत्त्वाचे आहोत की आपली चौकशी होते! आणि त्या आनंदात सगळे माना डोलावून नाटक कापायला बसले. कोणी कापा म्हटलं नव्हतं. एक ओळ नाही, एक फोन नाही. आपणच कात्री आणली आणि आपणच कापत सुटले.

भोंगा वाजल्यावर प्रेक्षकांनाही उभं राहायला सांगायचं, ही वाघोबाची फार लाडकी कल्पना. त्यातून काही लोक उठले की म्हातारीने पुढे यायचं आणि त्यांना विचारायचं, ‘तुम्ही का उठलात? बसा.’ हा प्रश्न कापला. ‘प्रेक्षकांना प्रश्न विचारणं चिथावणी ठरू शकते.’ उभं करायचं मात्र ठेवलं, कारण ते वर्तमानपत्रात छान दिसेल.

आणि मग माझ्याकडे वळले. म्हातारी का उठत नाही, ह्याला काहीतरी कारण पाहिजे, असं रोखपाल म्हणाला. ‘तसं कोणी उगीच बसून राहतं का?’ वाघोबा डोळे मिटून बसला, आणि डोळे उघडले तेव्हा त्याची प्रतिभा जागी झाली होती. ‘गुडघे!’ तो म्हणाला. ‘म्हातारीचे गुडघे दुखतात. तिला उठायचं आहे हो, पण उठता येत नाही. केवढी करुणा आहे त्यात!’

एक नवं पात्र घातलं आहे. डॉक्टर. तो येतो, म्हातारीच्या गुडघ्याला हात लावतो आणि अधिकाऱ्याला सांगतो, ‘साहेब, ह्यांचे सांधे गेलेले आहेत. ह्यांना माफ करा.’ अधिकारी माफ करतो. मी गुडघे चोळत डोळे पुसायचे. पडदा. ‘ऐकला, उठायचं नव्हतं’ गेलं. डॉक्टरचं काम आपल्या चौकातल्या दातांच्या डॉक्टरला दिलं आहे. तो कधीपासून मागे लागला होता. पहिल्या तालमीला त्याने सवयीने माझं तोंड उघडायला सांगितलं.

माझे गुडघे ठणठणीत आहेत, हे तुला माहीत आहे.

मी वाघोबाला म्हटलं, मी हे करणार नाही. तो म्हणाला, ‘ताई, मग दुसरी म्हातारी बघू.’ ताई म्हणतो तेव्हा तो धमकी देतो. आणि दुसरी तयारच आहे, पदर सावरणारी. तुला ठाऊक आहे, शाळा सुटल्यावर माझ्या संध्याकाळी ह्या भिकार खोलीतच गेल्या. ह्या लोकांना मी कितीही नावं ठेवली तरी दार वाजवणारे तेवढेच आहेत. त्यामुळे मी गुडघे चोळायला शिकते आहे. शनिवारी काय करीन, ते मलाच माहीत नाही.

आता लिहायचं नाही म्हटलं होतं ते लिहिते. गुडघ्यांचा हा प्रकार ऐकताना मला सारखं वाटत होतं, हे आपण कुठेतरी बघितलं आहे. कुठे, ते तुला सांगायला नको.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मोठ्या साहेबांचं भाषण कर्ण्यावरून यायचं आणि सगळ्या टेबलांनी उभं राहायचं, अशी पद्धत होती. अण्णा एक दिवस उठले नाहीत. लिहीत राहिले. त्यांना बोलावणं आलं, आणि ते काही सांगायच्या आत तू साहेबांपुढे जाऊन उभा राहिलास. तू तिथेच नवीन लागला होतास, पक्कं व्हायचं होतं. ‘वडिलांना कमी ऐकू येतं साहेब. भाषण सुरू झालेलं त्यांना कळलंच नाही.’ मग कानाचा डॉक्टर, मग दाखला, मग ते मशीन. ज्या माणसाला अंगणात बसून आतलं दूध उतू जायला आलेलं ऐकू यायचं, त्याने निवृत्त होईपर्यंत कचेरीत कानात मशीन घातलं. सुरुवातीला घरी आल्यावर काढून ठेवायचे. मग वहिनी ह्या घरात आली, आणि तू तिलाही खरं सांगितलं नाहीस. त्या दिवसापासून ते घरातही कानात राहिलं. वहिनी बिचारी ओरडू लागली, मग तुझी मुलं ओरडू लागली, मग कोणी काही सांगायचंच बंद झालं. ‘त्यांना ऐकू येत नाही’ हे तू पाहुण्यांना इतक्यांदा सांगितलंस की आता तुझाही त्यावर विश्वास बसला आहे. बसला आहे ना? खरं सांग. आज त्यांना ऐकू येतं की नाही, हे तुला माहीत आहे का?

मलाही नाही. मी एकदा विचारलं होतं, तू घरात नसताना. अण्णांनी मशीनला हात लावून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ‘काय?’

तर ही गोष्ट मी वाघोबाला चहा पिता पिता सांगितली होती. नाटक त्यातून झालं. अण्णांची म्हातारी झाली, कारण आमच्या मंडळात पन्नाशीपुढच्या सगळ्या पुरुषांना नायक व्हायचं असतं, म्हातारा व्हायला कोणी तयार नाही. गोष्ट काल्पनिक आहे असं मी तुला लिहिलं ते खोटं. आता हवं तर चीड. वाघोबाला मी ओळखते, तो भित्रा आहे पण निदान कोण्या खऱ्या माणसाचे गुडघे तो मोडत नाही. तू आपल्या बापाचे कान घेतलेस.

शनिवारी त्यांना घेऊन ये. एवढं तरी कर.

धाकटी


९ डिसेंबर

दादा,

तुझा निरोप पोचला. ‘अण्णांना रविवारपर्यंत परत पाठव. लोकांना काय सांगायचं ते मी बघतो.’ तू बघशीलच. लोकांना काय सांगायचं ह्यात तुझा हात धरणारा कोणी नाही.

प्रयोगाच्या रात्री अण्णा माझ्याबरोबर आले ते इथे मजेत आहेत. सकाळी माझ्या आधी उठतात, खिडकीशी बसतात. जेवण व्यवस्थित. मशीन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे.

तू प्रयोगाला आलास ह्याचं मला अजून नवल वाटतं. रागाने आला असशील, मी काय दिवे लावते ते बघायला. पण आलास, आणि अण्णांना घेऊन आलास, हे मी विसरणार नाही. पुढचं तू मधूनच उठून गेलास म्हणून तुला नीट कळलं नसेल, आणि जेवढं कळलं तेवढं तू आत्तापर्यंत वेगळं करून टाकलं असशील. म्हणून जसं झालं तसं लिहिते.

भोंगा वाजला. ‘सर्व नागरिकांनी उभे राहावे.’ रंगमंचावरचे उठले, आणि खाली अख्खं सभागृह उठलं. दादा, मला वाटलं होतं पाच-दहा जण हसत उठतील. सगळे उठले! पुढच्या रांगेतले प्रतिष्ठित सगळ्यात आधी. दरवर्षी स्वातंत्र्यावर भाषण देणारे माझे जुने मुख्याध्यापक छाती काढून उभे. आणि गंमत अशी की ‘बसा’ म्हणायचं वाक्य आमच्या शूरांनी कापून टाकलेलं, त्यामुळे त्यांना बसवणारं कोणी नव्हतं. पिशव्या पोटाशी धरून, चष्मे पुसत, मागच्याला दिसत नाही म्हणून माना तिरक्या करत सगळे उभे राहिले. आपण काहीतरी फार थोर अनुभव घेतो आहोत असा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर भाव. ज्यांच्यावर हे नाटक लिहिलं तेच ते पाहायला आले होते, आणि त्यांना ते फार आवडत होतं. तूही उभा होतास. वहिनीही.

बसलेले दोघंच. मी वर, आणि अण्णा खाली.

तोपर्यंत मी गुडघेच चोळणार होते. खरं सांगते, माझे हात गुडघ्यांवर गेलेही होते. दातांचे डॉक्टर आले, वाकले, आणि म्हणाले, ‘दुखतात ना आजी?’ त्यांच्या खांद्यावरून मला अण्णा दिसले. हात मांडीवर ठेवून सरळ बसलेले, माझ्याकडे बघत. आणि माझ्याच्याने हो म्हणवेना.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘भोंगा ऐकला. उठायचं नव्हतं.’

डॉक्टर तोंड उघडं टाकून राहिले. रोखपालाला पुढचं वाक्य नव्हतं, कारण ते कापलेलं. त्याने विंगेत बघितलं, विंगेत वाघोबा दोन्ही हातांनी गुडघे चोळून दाखवत होता. माणूस आयुष्यात एवढा मनापासून अभिनय पहिल्यांदाच करत असेल.

तेवढ्यात सभागृहाच्या व्यवस्थापकाने अण्णांच्या खांद्याला हात लावला. तो त्यांच्या शेजारीच उभा होता. ‘आजोबा, उठा, सगळे उठलेत.’ आणि तू पलीकडून वाकून म्हणालास, ‘त्यांना ऐकू येत नाही.’ हळू म्हणालास, पण शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.

अण्णांनी कानातलं मशीन काढलं, खिशात ठेवलं आणि म्हणाले, ‘येतं. पहिल्यापासून येतं.’

मोठ्याने नाही. कचेरीतून आल्यावर पाणी मागायचे, त्या आवाजात.

मग टाळ्या पडल्या. दादा, लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, हा नाटकाचा भाग. उभे होतेच, त्यामुळे उभं राहून मानवंदना आपोआप झाली. एका माणसाने अर्ध्या आयुष्यानंतर तोंड उघडलं, आणि ह्या लोकांनी ‘वा, काय कल्पना आहे’ म्हणून टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांत तू वाट काढत बाहेर गेलास. वहिनी रडत अण्णांच्या पायाशी बसली. ‘मी इतकी वर्षं तुमच्या कानात ओरडत होते अण्णा, सांगायचं नाही का,’ असं म्हणत होती. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते.

पडदा पडल्यावर वाघोबा पुढे आला, मफलर पुन्हा गळ्यात. वर्तमानपत्राच्या माणसाला त्याने सांगितलं, ‘प्रेक्षकांत नट पेरायचा हा प्रयोग आम्ही विचारपूर्वक केला.’ नंतर अण्णांपुढे येऊन वाकला. ‘आजोबा, पुढच्या प्रयोगालाही याल ना? हीच खुर्ची. वाक्य एवढंच आहे, पण वेळ चुकवू नका.’

अण्णांनी कानामागे हात नेला आणि म्हणाले, ‘काय?’

मी इतकी हसले की टोप गळून पडला. मंडळ मी सोडलं आहे. पुढच्या प्रयोगात गुडघे परत आहेत, आणि ते चोळायला पदर सावरणारी आहे. माझ्या संध्याकाळींचं काय ते मी बघीन. त्या मंडळींची आठवण येईल अशी भीती होती, ती अजून तरी आलेली नाही.

इथपर्यंत लिहून हे पत्र मी परवाच टाकणार होते. शेवटी तुझ्यासाठी चार जहरी ओळीही तयार होत्या. चांगल्या जमल्या होत्या. पण काल अण्णांना मी विचारलं, इतकी वर्षं गप्प का बसलात? ते म्हणाले, ‘तो साहेबांपुढे रडत गेला होता. त्याची नोकरी पक्की व्हायची होती. मी काय सांगणार, माझा मुलगा खोटं बोलतो?’

‘आणि निवृत्त झाल्यावर?’

‘तोवर सवय झाली. घरातली सगळ्यांची बडबड ऐकायला मिळायची, उत्तर द्यावं लागत नसे.’ हसले. मग त्यांनी आपल्या हातांची बोटं पसरून माझ्यापुढे धरली. म्हणाले, नखं वाढलीत, काढून दे. आणि मी काढायला बसले तेव्हा त्यांनी सांगितलं, की रविवारी सकाळी हे काम तू करतोस. वहिनी आणि मुलं बाहेर गेली की त्यांना गॅलरीत बसवून, खाली कागद पसरून. आणि ते करताना तू बोलतोस. ‘अण्णा, माझं चुकलं. मी भ्यालो होतो. तुम्ही उठला नाहीत ह्याचा मला अभिमान वाटला होता, आणि तरी मी तसं केलं.’ असं प्रत्येक रविवारी नाही, पण पुष्कळदा. कधी कधी रडतोसही, असं म्हणाले.

दादा, हे मला माहीत नव्हतं. माझ्या त्या चार ओळी मी फाडून टाकल्या. वाईटही वाटलं, चांगल्या ओळी होत्या. तुला मी आयुष्यभर वाघोबाच्या रांगेत बसवत आले, आणि तू तिथला नाहीस हे मान्य करायला मला फार जड जातं आहे. पण आहे ते आहे. आणि त्याचबरोबर हेही आहे, की तू हे सगळं कधी बोललास? ज्याला ऐकू येत नाही अशी तुझी खात्री होती, त्याच्यापुढे.

मी अण्णांना म्हटलं, मग तुम्ही त्याला उत्तर का नाही दिलंत? एकदा तरी म्हणायचं होतं, जाऊ दे रे. त्यांनी कापलेली नखं एका जागी गोळा केली. मग म्हणाले, ‘तो नखांशी बोलायचा. माझ्याशी नाही.’

परत यायचं का, असं मी त्यांना सरळ विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या शब्दांत लिहिते, माझी एक मात्राही घालत नाही: ‘त्याला लिही, मी सगळं ऐकलंय. पण ते त्याने बहिऱ्याला सांगितलं. आता ऐकू येणाऱ्याला येऊन सांग म्हणावं. एकदाच. मग मी त्याच्याबरोबर घरी येतो.’

तेव्हा रविवारी ये. दार उघडं ठेवते. आलास की मी बाजारात निघून जाईन, तुमच्या दोघांच्या मधे बसणार नाही. फक्त त्यांच्या तोंडाकडे बघून बोल, आणि ओरडू नकोस.

वाट बघणारी,
तुझी धाकटी